नवं कार्ड आणि जुना सप्लाय

संगणकांच्या जगात दहा वर्षं म्हणजे एक युग. तेवढ्या जुन्या काळी शर्वरीच्या घरी एक संगणक होता आणि त्याच्या खोक्यात सर्वांना वीज वाटणारा पॉवर सप्लाय राहत होता.

एकदा शर्वरीने गेम खेळायला कुणीतरी आधी वापरलेलं, स्वस्तातलं ग्राफिक्स कार्ड आणून बसवलं. पडद्यावर डोंगर, नद्या, घोडे लख्ख दिसू लागले.

"काय कार्ड आहे!" ती ओरडली.

सप्लायच्या अंगाचा तिळपापड झाला. "इतकी वर्षं राबतोय मी, आणि कौतुक या उपऱ्याचं!"

"अहो, ते तुमच्याच जिवावर चालतंय ना?" खोक्यातला पंखा म्हणाला.

"मग बघच," असं म्हणून सप्लायने ऐन खेळात कार्डाची वीज आखडती घेतली. पडदा काळा झाला. रोज तेच होऊ लागलं.

"कार्डच खराब निघालं," म्हणत शर्वरीने ते उपटून काढलं. सप्लाय मनोमन हसला.

तिचे बाबा म्हणाले, "गेम चालत नसतील तर हे जुनं खोकं तरी कशाला? भंगारात देऊन टाकू."

खोक्याबरोबर आपणही जाणार, हे सप्लायच्या ध्यानात आलं.

"बाबा, एकदाच बघते," म्हणत शर्वरीने कार्ड पुसून पुन्हा बसवलं. या वेळी सप्लायने हात राखला नाही. घोडा चौखूर डोंगर चढून गेला.

"कार्ड झकास आहे गं!" बाबा म्हणाले.

सप्लायच्या काळजात पुन्हा तीच कळ उठली. तेवढ्यात कार्ड हळूच म्हणालं, "काका, आज पोटभर दिलंत."

 त्यानंतर सप्लायने वीज तसूभरही कमी होऊ दिली नाही.