काचेच्या तळ्यातली चिडकी परी

सात टेकड्यांच्या पलीकडे आणि आठवीच्या जरासं अलीकडे एक गुलाबी बंगला होता. त्या बंगल्यात देवकू नावाची बाई भांडी घासायची, आणि तिच्या पदराला धरून तिची इवलीशी लेक सुरंगा यायची. दोघींच्या वाट्याला दिवसाला दीड भाकरी. तीही सुरंगा एकटी खाईल तर शपथ! एक तुकडा मांजरीला, एक तुकडा कावळ्याला, आणि सगळ्यात मऊ तुकडा बंगल्यातल्या माशांना.

हे मासे राहायचे एका काचेच्या तळ्यात. बंगल्याच्या मालकीणबाई रत्नावळीबाईसाहेबांनी ते बागेतल्या ओसरीवर हौसेनं मांडलं होतं. तळाशी पांढरी वाळू, वाळूत पोपटी पाणरोपं, आणि त्यांच्यामधून लुकलुकत फिरणारे टिकलीएवढे लालचुटुक मासे. ओसरीवर ऊन झळझळीत यायचं, म्हणून तर बाईसाहेबांनी तळं तिथं ठेवलं होतं. चमकायला नको का?

पण महिनाभरातच तळं चमकायचं सोडून हिरवं झालं. काचेवर शेवाळ, वाळूवर शेवाळ, रोपांच्या पानांना शेवाळाच्या दाढ्या. मासे कुठं आहेत तेच दिसेना. बाईसाहेब मुळातच तापट. त्यांनी कपाळाला हात लावला.

"देवकू, रविवारपर्यंत पाणी स्वच्छ झालं तर ठीक. नाहीतर हे सगळं उचलायचं आणि माशांसकट नाल्यात ओतायचं! मला डोक्याला ताप नको."

नाल्यात! नाल्यात तर बगळे टपून बसलेले असतात. सुरंगा काचेला नाक लावून मुसमुसायला लागली, तोच आतून कुणीतरी खेकसलं.

"रडू नकोस गं! आधीच पाणी जास्त झालंय."

शेवाळाचा पडदा बाजूला सारून एक बोटभर उंचीची परी बाहेर आली. पंख चांदीचे, डोळ्यांत मोरपिशी चमक, झग्यावर बुडबुड्यांची झालर. आणि केसांत? केसांत हिरवा बुळबुळीत गुंता. तो सोडवता सोडवता ती बिचारी टेकीला आली होती.

"मी पाणपरी. तुझं मन चांगलं आहे, म्हणून तीन इच्छा देते. दिवसाला एकच मागायची. आणि नीट ऐक, मागशील तेवढंच मिळेल, तीळभरही जास्त नाही. मग 'असं कसं झालं, तसं कसं झालं' म्हणून माझ्याकडे यायचं नाही."

"पाणी स्वच्छ कर ना, परीताई!" सुरंगानं एका दमात मागून टाकलं.

झिलमिल झिलमिल! पाणी असं नितळ झालं, की मासे हवेतच तरंगतायत असं वाटावं. बातमी गावभर गेली. सगळं गाव बघायला लोटलं, आणि रिकाम्या हातानं कोण येतंय? माशांना कणकेच्या गोळ्या घातल्या की पुण्य लागतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. सगुणाआजींनी गोळ्या टाकल्या, सुतारकाकांनी टाकल्या, बाईसाहेबांनी तर पेढा कुस्करून टाकला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी पुन्हा हिरवं!

सुरंगानं दुसरी इच्छा मागितली. "काचेवरचं, वाळूवरचं, पानांवरचं सगळं सगळं घासून काढ. काही म्हणता काही शिल्लक ठेवू नकोस."

परीनं कमरेवर हात ठेवले, तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. नियम म्हणजे नियम. झिलमिल! तळं घासलेल्या पितळेसारखं लखलखलं.

आणि सकाळी? सकाळी पाणी दुधासारखं पांढरंफटक. मासे वर तोंड काढून धापा टाकत होते. आता मात्र सुरंगाचा तोल गेला.

"तू खोटी परी आहेस! एक धड करतेस आणि दोन बिघडवतेस!"

"मी खोटी?" परीचे पंख रागानं थरथरले. "शंभर वर्षं झाली, ज्या तळ्यात जाते तिथं प्रत्येकजण येतो आणि म्हणतो, पाणी स्वच्छ कर. पाणी घाण का होतंय ते बघायला कुणाला सवड नाही! लोणचंसुद्धा मुरायला वेळ घेतं, मग पाण्यानं का घेऊ नये? त्याला सांभाळणारे अदृश्य जीव असतात. ते कालच्या घासण्यात गेले. तू मागितलंस तेच दिलं ना? आता इथं बस. हात मांडीवर ठेव आणि दिवसभर नुसती बघ."

सुरंगा फुरंगटूनच बसली. पण बसली. दुपारचं ऊन काचेवर चढलं तसं शेवाळ वाळूत हळूहळू हिरवं डोकं वर काढू लागलं. वरून गोळ्या पडत होत्या. मासे दोन खात, वीस खाली जात. आणि एका दगडामागे तिला एक पांढरा, फुगलेला, विरघळत चाललेला तुकडा दिसला. आज सकाळीच टाकलेला तिचा स्वतःचा भाकरीचा तुकडा, सगळ्यात मऊ.

तिला इतकं वाईट वाटलं, की रडूसुद्धा आलं नाही.

ती उठली. आईचं जुनं निळं लुगडं ओसरीला बांधलं, ऊन अडलं. कुजत चाललेले तुकडे वेचून काढले. दोन तांबे जुनं पाणी काढलं, दोन तांबे नवं घातलं. मग तळ्यासमोर हात पसरून उभी राहिली.

"सरक गं, पुण्याच्या आड येतेस होय?" सगुणाआजी कडाडल्या.

"आजी, चिमण्यांना घाला ना. पुण्य तेवढंच लागेल, आणि माझे मासे जगतील."

आजी बडबडत गेल्या. सुतारकाका हसले. बाईसाहेब पेढा घेऊन आल्या, तरी सुरंगा हटली नाही. बाईसाहेबांनी डोळे मोठे केले. "रविवारी बघते तुला," एवढं बोलून त्या आत गेल्या.

रविवार उजाडला. पाणी अजून पातळ ताकासारखं धूसर होतं. बाईसाहेब बादली घेऊन आल्या. परी सुरंगाच्या कानाशी भिरभिरली. "अगं, तिसरी इच्छा माग! क्षणात लख्ख करते."

"टिकेल?"

"उद्यापर्यंत. मग ते अदृश्य जीव पुन्हा जातील, आणि पहिले पाढे पंचावन्न."

सुरंगानं नकारार्थी मान हलवली. "मग बाईसाहेबांना थोडा धीर दे."

"धीर?" परी किंचाळली. "माझ्याकडे असता तर मी अशी वागले असते का? पोरी, तो तुलाच त्यांच्याकडे मागावा लागेल."

मग सुरंगानं बाईसाहेबांचा हात धरला. भांडीवालीच्या पोरीनं! "बाईसाहेब, बादली भरायची तर भरा. पण आधी घटकाभर माझ्याजवळ बसा. नुसत्या बघा."

काय झालं कुणास ठाऊक, बाईसाहेब बसल्या. आधी उसासे टाकले, मग पदरानं वारा घेतला, मग पुढे वाकून काचेत बघू लागल्या. धुक्यातून एक लाल मासा आला. त्याच्यामागे, कोवळ्या पोपटी पानाखालून, तिळाएवढी पिल्लं निघाली. एक, दोन, सात... चमचमत, लुटूलुटू.

"अगं बाई!" बाईसाहेब कुजबुजल्या. "हे मी नाल्यात ओतणार होते?"

त्यांनी बादली पालथी घातली आणि तिच्यावरच ऐसपैस बसून राहिल्या. पुढच्या रविवारी पाणी आणखी निवळलं. त्याच्या पुढच्या रविवारी ते इतकं नितळ झालं, की पिल्लांच्या सावल्या वाळूवर मोजता याव्यात. बाईसाहेबांनी सगळी बाग सुरंगाच्या हाती दिली, आणि मायलेकींना बागेतली कौलारू खोली राहायला.

त्या संध्याकाळी परी आली. तिच्या केसांतला गुंता सुटला होता. "तिसरी इच्छा राहिली तुझी," ती म्हणाली, आज पहिल्यांदाच हळू आवाजात.

"मला काही नको, परीताई. तू दमली असशील. आता जरा नीज."

परीनं तिच्या तळहातावर इवलेसे ओठ टेकवले. सोनेरी, निळा, मोतिया उजेड पाण्यातून उसळला, सगळी ओसरी भरून गेली, आणि परी त्यात विरघळली.

तेव्हापासून सुरंगानं लावलेलं प्रत्येक रोप जगायचं. गाव म्हणायचं, पोरीला परीनं हातगुण दिला. दिलाही असेल. पण देवकूला विचाराल तर ती हसून सांगायची, "हातगुण कसला? माझी लेक वेळेवर हात आवरायला शिकली."