मेहुण्याचं बिनशिडाचं जहाज

शंखगडच्या भैरवराजांना हिशेब कधीच कळला नाही, आणि मेहुण्याचा हिशेब तर मुळीच नाही.

मेहुणे दौलतराव बिनशिडाची जहाजं बांधणार होते. नमुन्याचं एक बंदरात डुलत होतं. तसंच आख्खं आरमार बांधायला त्यांना सरकारी तिजोरी हवी होती.

राजांनी विचारलं, "फायदा झाला तर?"

"तो माझ्या कंपनीचा, महाराज. अक्कल माझी ना!"

"आणि जहाजं बुडाली तर?"

"तो तोटा प्रजेचा. एवढ्या जणांत वाटला की कळतसुद्धा नाही."

दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. राजांनीही डोलावली, पण त्यांना काही उमगेना. तरायचं एकट्याने आणि बुडायचं सगळ्यांनी, हे कसं? बरं, नाही म्हणावं तर राणीचा सख्खा भाऊ! हातातल्या तिजोरीच्या किल्ल्या चाळवत त्यांनी गोंधळून राणीकडे पाहिलं.

उमाराणी म्हणाल्या, "दौलत, आपल्या किनाऱ्याची रीत ठाऊक आहे ना? नव्या जहाजाच्या पहिल्या फेरीला मालकाची बायकामुलं बसतात. तुझा नमुना तयारच आहे. आज त्यांना फिरवून आण आणि मग खुशाल किल्ल्या ने."

दौलतरावांचा चेहरा उतरला. "ताई, धोका तसा काहीच नाही गं. पण... माझी मुलं लहान आहेत."

"प्रजेचीही लहानच आहेत रे."

डोलणाऱ्या माना जागच्या जागी थांबल्या. राजांनी किल्ल्यांचा जुडगा पुन्हा कमरेला खोचला. जन्मात पहिल्यांदाच त्यांना हिशेब कळला होता.