पालथी सहाण

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात घोंगड्या विणणारा एक विणकर राहत होता. बायको गेल्यापासून घरात एकटाच. माग रोज चालायचा. चूल मात्र कधी पेटायची, कधी नाही. एकट्यासाठी काय पेटवायची!

त्या गावात जुन्या वैद्यबुवांचा एक दंडक होता. आजाऱ्याने आपलं औषध आपण उगाळायचं नाही, दुसऱ्या कोणीतरी उगाळून द्यायचं. विणकरानेही बायकोच्या दुखण्यात रोज सहाणेवर औषध उगाळलं होतं. ती गेली, तेव्हा त्याने सहाण धुतली आणि कोपऱ्यात पालथी घालून ठेवली.

पुढे वैद्यबुवा वारले. त्यांची मुलगी शहरातून शिकून आली आणि गावाला औषध देऊ लागली. तिच्या गोळ्या गुणकारी होत्या. "आता उगाळत बसायला नको," ती सांगायची. "जेवण झालं की एक गोळी, पाण्याबरोबर." लोक खूश झाले.

एकदा विणकराला ताप आला. वैद्यबाईंनी गोळ्या दिल्या, तरी ताप हटेना. मागावरून उठताना त्याला भिंत धरावी लागू लागली. मग उठणंच थांबलं.

वैद्यबाई घरी आल्या, तर गोळ्यांची पुडी कोनाड्यात तशीच.

"काका, हे काय? जीव नकोसा झालाय का?"

"तसं नाही, बाई. जेवल्यावर घ्या म्हणालात. जेवणच होत नाही."

"का होत नाही?"

"बसा जेवायला, असं म्हणणारं कोणी नाही."

वैद्यबाईंची नजर पालथ्या सहाणेवर गेली. त्या उंबऱ्यावरच बसल्या.

"मला वाटायचं, उगाळल्याने औषधाला गुण येतो असं माझे आबा मानतात," त्या हळूच म्हणाल्या. "पण आजाऱ्याच्या घरात रोज कोणीतरी यावं, हेच आबांना हवं होतं."

गोळ्या त्यांनी त्याच ठेवल्या. फक्त शेजारच्या कुंभारणीला सांगितलं, "मधात उगाळून द्यायची. पोटात चार घास गेल्याशिवाय नाही."

कुंभारीण भाकरी घेऊन आली. "काय हो भाऊजी, गोळ्यांचं लोणचं घालायचं होतं का?" तिने सहाण उलटून सरळ केली. उगाळण्याचा आवाज येताच विणकराने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"तुमची बायको फार खाष्ट हो," ती उगाळता उगाळता म्हणाली. "माझ्या कोंबड्या दिसल्या की केरसुणी फेकून मारायची."

त्याला वाईट वाटेल म्हणून इतके दिवस बायकोचा विषय कोणी काढलाच नव्हता. विणकर वळला.

"नेम मात्र चुकायचा," तो म्हणाला, आणि त्याने भाकरीला हात घातला.

हळूहळू ताप उतरला. माग पुन्हा वाजू लागला. एके सकाळी वैद्यबाई दारात उभ्या राहिल्या. "वरच्या आळीतले गुरव आजारी आहेत, काका. एकटेच असतात."

विणकराने विणकाम अर्धं सोडलं आणि सहाण काखेत मारली.

"ठेवा तिथे," गुरव कुरकुरले. "माझं मी घेईन."

"आपलं आपण उगाळायचं नसतं," विणकर म्हणाला आणि मांडी घालून बसला. "आधी सांगा, आज जेवलात का?"

तात्पर्य इतकंच: औषध नवं आणि चांगलं असावं, पण ते देणारा हात आणि 'जेवलात का?' हा प्रश्न जुनाच राहू द्यावा.