वार दार लावत नाही

मुलांनो, दाट रानातल्या एका जांभळीच्या झाडावर एक वानरी राहत असे. तिला पहिल्यांदाच दिवस गेले होते. तिच्या पोटात बाळ होते आणि बाळाला आईशी जोडून ठेवणारी वार होती. आईच्या रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायूची शिदोरी घेऊन वारेच्या दारी यायच्या, ती उतरवायच्या आणि आल्या पावली निघून जायच्या. वार ती शिदोरी आत बाळाला पोचवायची. बाळाचे सगळे जगणे या एका दारावर होते.

एकदा वानरीला डास चावला आणि हिवतापाचा जंतू तिच्या रक्तात शिरला. ती थंडीने कुडकुडू लागली. पोट दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "वारबाई, माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण बाळाला सांभाळ गं! दारच लावून घे, कुणाला आत घेऊच नको." वारेला गलबलून आले. ती म्हणाली, "अगं वेडे, दार लावलं तर बाळाला घास कुठून देऊ?"

इकडे जंतू एका तांबड्या पेशीच्या पोटात लपून वारेच्या दारी आला. "काय वैनी, शिदोरी आणलीय. मी तुमच्याच घरचा!" रंग तोच, रूप तेच. वार फसलीच असती. पण हा पाहुणा जागचा हलेना, भिंतीला चिकटूनच बसला. "निघा की आता, भावोजी," वार म्हणाली. "एवढी काय घाई? माझे भाऊबंदही येतायत मागून." बघता बघता चिकटणाऱ्यांची रांग लागली, वाट अरुंद झाली आणि आत बाळ तळमळू लागले. जंतू खदाखदा हसला. "दार लावलंस तर बाळ उपाशी, उघडं ठेवलंस तर मी आत! बोल, काय करतेस?"

"मेल्या, ओळखलं तुला! आमच्या घरची पेशी दारात कधी ठिय्या देत नाही," वार कडाडली आणि तिने पांढऱ्या पेशींना हाक मारली. ते शिपाई असे त्वेषाने धावले, की त्यांच्या झटापटीत वारेची भिंतच सुजू लागली. वार ओरडली, "अरे, सबुरीनं! चोर धरायचाय, घर नाही पाडायचं. चिकटलेत तेवढेच गिळा, वाट मोकळी ठेवा!" शिपाई भानावर आले. त्यांनी एकेका चोराला हेरून गिळले. मग आईच्या रक्तात तयार झालेले, चोराचा चेहरा ओळखणारे राखणदार, म्हणजे प्रतिपिंडे, वारेने अलगद बाळाकडे पोचवले. वानरीला दरदरून घाम फुटला आणि ताप उतरला. दिवस भरले, तशी ती बाळंत झाली. बाळाने जन्मतःच आईच्या केसांत अशी घट्ट मूठ आवळली, की ती "आई गं!" म्हणून कळवळली आणि हसत सुटली. सगळी जांभळी वानरांच्या हुप्प-हुप्पने दणाणून गेली!

तात्पर्य : ज्याला जपायचे त्याला कोंडून ठेवू नये, दार उघडे ठेवून आपला कोण, परका कोण हे ओळखावे, आणि परक्याशी लढताना आपल्यांना इजा होऊ देऊ नये.