उतरणीला लागतो जोडीचा हात

एका गावात नदीच्या वळणावर पानवेलींचा एक मळा होता. बाहेर ऊन कितीही रणरणलं तरी आत हिरवीगार सावली. बांधावर चपला काढून आत शिरलं की माणूस आपसूक हळू बोलायला लागायचा. मळ्याची धनीण होती एक थोरली बहीण. सगळं गाव तिला अक्का म्हणायचं.

वेलींचं तिला फार कळायचं, बरं का! एखादा वेल रोगट दिसला की ती तो मुळासकट उपटून कुंपणाबाहेर टाकायची. नाहीतर शेजारच्या वेलाला रोग लागतो.

एके वर्षी तिचा धाकटा भाऊ परगावाहून परतला. पार वाळलेला, अंगात ताप. दवाखान्यात आजाराचं नाव कळलं, एचआयव्ही. गावात कुजबुज सुरू झाली. आणि अक्कानं काय करावं? अंगाखांद्यावर खेळवलेल्या भावाला तिनं कुंपणाबाहेरच्या खोपीत नेऊन ठेवलं! ताट दाराशी ठेवायची आणि मागे फिरायची. ताटातलं अन्न तसंच राहायचं.

एकदा तो आतून म्हणाला, "अक्का, स्वप्नात आपला वेल कुंपण चढून माझ्या उशाशी आला होता. गार पानं गालाला लागली. जाग आली तर कुणीच नाही."

अक्का ताट ठेवून तशीच मागे फिरली. पण दुसऱ्या दिवशी दवाखान्यातली नर्सबाई आली आणि खोपी बघून कडाडली, "अगं, माणूस म्हणजे का वेल आहे? हा आजार शिवल्यानं होत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही. जखमेला हात लावताना हातमोजे घाल, रोजची गोळी चुकवू नको. याला घरी ने, नाहीतर हातचा जाईल!"

अक्कानं खोपीचं दार सताड उघडलं. तिनं भावाला घरी आणलं, मळ्याकडच्या खिडकीशी त्याचं अंथरूण घातलं.

मग रोज गरम पेज, गोळ्या, धुणं, पाय चेपणं. भावाच्या तोंडावर हळूहळू रंग आला. पण अक्का मात्र खंगली. मळ्यात तण माजलं. तेवढ्यात उतरणीचे दिवस आले. उतरण म्हणजे उंच गेलेले वेल खाली घ्यायचे, वेटोळं करून मातीत पुरायचे. त्यातूनच नवी पानं फुटतात. एकीनं वरून वेल सोडायचा, दुसरीनं खाली झेलायचा. दरवर्षी खाली शेजारची तानूमावशी उभी असायची. यंदा ती फिरकलीच नाही, आणि अक्कालाही बोलवायची लाज वाटली.

अक्कानं एकटीनंच वेल सोडला. तो मधोमध तुटला. दुसराही तुटला. ती मातीत बसून ढसाढसा रडली.

खिडकीतून भाऊ म्हणाला, "अक्का, मला परत खोपीत ठेव. मळा वाचव."

"गप रे! मळा परत लावता येतो. तुला कुठून आणू?"

डोळे पुसून ती तडक मावशीच्या दारात गेली. "मावशी, एकटीच्यानं होत नाही गं. त्याच्याजवळ बस, नाहीतर माझ्या वेलाखाली उभी राहा. काहीतरी एक कर."

"मला भ्या वाटतं, अक्का."

"मलाही वाटलं होतं. पण आता मी त्याच्याच ताटात जेवते, आणि ही बघ, उभी आहे तुझ्यासमोर."

मावशी आधी वेलाखाली आली. मग उंबऱ्यापर्यंत. मग एका दुपारी पेजेची वाटी घेऊन थेट अंथरुणाशी बसली, आणि अक्का कितीतरी दिवसांनी निवांत झोपली. मावशीचं बघून आळीतल्या बायकांनी पाळ्या लावून घेतल्या.

उतरण लांबली, त्यात अर्धा मळा गेला, तो गेलाच. उरलेला मात्र पुढच्या हंगामाला असा फुटला की काय सांगावं! गोळ्या चालूच होत्या, आणि वेलाखाली झेलायला आता भाऊच उभा राहायचा.

पहिल्या पानांचा विडा त्यानं स्वतः लावला आणि मावशीपुढे धरला. सगळ्या बायका हातातलं काम सोडून बघायला लागल्या.

मावशीनं विडा तोंडात घातला, डोळे मिटून चावला आणि म्हणाली, "चुना जास्त झालाय रे, गाढवा! दुसरा लाव."

अक्का हसता हसता रडायला लागली.

तात्पर्य एवढंच: आजाऱ्याला घर लागतं, आणि घराला शेजार लागतो.