बोलका भोपळा आणि चिंगी खार

झाडं आणि फळंही बोलायची, त्या काळातली गोष्ट. जंगलाच्या भटारखान्याची सगळी खरेदी चिंगी खार करायची. झाडाझाडाला निरोप धाडण्यातच तिचा दिवस सरायचा.

एकदा हत्तीमहाराजांनी बोलका भोपळा आणला. तो बसल्या जागेवरून पोपटांकरवी झटपट मागण्या धाडू लागला. "आता माझं इथं काय काम?" असं म्हणून चिंगी निघाली.

तेवढ्यात भोपळ्याने मागवलेले पिवळेधमक आंबे आले. अस्वलाने एक चावला आणि तोंड वाकडं केलं. "आंबटढाण आहे की."

भोपळा ओशाळला. "मला रंग कळतो, चव नाही. चिंगीताई, थांबा ना."

तेव्हापासून निरोप भोपळा धाडतो आणि चिंगी झाडोझाडी फळं चाखत फिरते. अस्वल रोज महाराजांना विचारतं, "चाखायला अजून कुणी लागेल का?"