थेक्लाची कोरी भिंत

फार जुन्या काळची गोष्ट. पूर्वेकडच्या ख्रिस्ती साम्राज्याच्या टोकाला, समुद्राकाठी, कोळ्यांचं एक गाव होतं. तिथं थेक्ला राहायची. काचेचे नखाएवढे तुकडे ओल्या चुन्यात बसवून ती भिंतीवर चित्रं जडवायची.

एकदा सम्राटानं गावच्या चर्चसाठी जहाज भरून रंगीत काच आणि सोन्याचा वर्ख पाठवला. मरियामातेचं चित्र करा, असा हुकूम आला. त्याच हिवाळ्यात थेक्लाची तान्ही लेक तापानं गेली होती. डोळे पुशीत ती परांचीवर चढली आणि वर्षानुवर्षं तिथंच राबली. मातेच्या मांडीवरच्या बाळाला तिनं आपल्या लेकीचा चेहरा दिला. असं म्हणतात, त्या चित्रापुढं नेलं की रडणारं मूल आपोआप शांत व्हायचं.

पुढं सम्राट वारला, त्याचा मुलगा गादीवर बसला. देवाचं चित्र काढणं पाप आहे, असं त्याच्या मनानं घेतलं. त्याचा सरदार सैनिकांना घेऊन गावात आला.

"चित्र उतरवा, नाहीतर चर्च पेटवतो."

सैनिकांनी हातोडे उचलले. म्हातारी थेक्ला आडवी आली.

"थांबा बाबांनो. मीच उतरवते. तुमच्या हातानं तिला लागेल."

तिनं छिन्नीनं एकेक तुकडा सोडवला. शेवटी बाळाचा चेहरा उरला. त्यावरून हात फिरवीत ती हळूच अंगाई म्हणाली. मग तोही काढला. खाली उतरली तेव्हा तिला दिसेनासं झालं होतं. ती फार दिवस जगली नाही.

पण असं म्हणतात, मूल गमावलेल्या बायांना त्या उघड्या गिलाव्यावर बाळ दिसू लागलं. जिला तिला आपापलं.

पुष्कळ काळानं नव्या सम्राटानं बंदी उठवली आणि कारागीर धाडले, सोनं धाडलं. तेव्हा एवलालिया नावाची कोळीण पुढं झाली. तिचं पोर नुकतंच गेलं होतं.

"सोनं परत न्या," ती म्हणाली. "भिंत रिकामी नाही."

ती भिंत अजून तशीच आहे. मूल गेलेली आई तिथं येते, थेक्लाचं नाव घेते आणि आपल्या हातानं भिंतीला चुना लावते. गावातलं कुणी तिला काही विचारत नाही. तिचं होईपर्यंत सगळे बाहेर उभे राहतात.